‘नशीब काढलं’ म्हणतो, मग ‘नियती काढली’ का नाही?

अनुस्वार

मंडळी, मदत हवी आहे. एका इंग्रजी कथेचं भाषांतर करतेय. त्यात ‘फेट’ हा शब्द सात वेळा येतो आणि मी सातही ठिकाणी सरळ ‘नशीब’ लिहून मोकळी झाले. मसुदा परत आला तो संपादकांच्या शेऱ्यासह: “सगळीकडे नशीब चालणार नाही. छटा बघा.”

छटा बघायला बसले आणि अडकलेच. नशीब, दैव, नियती, प्रारब्ध, भाग्य, विधिलिखित, भवितव्य, संचित... कोश एकाच्या अर्थात दुसरा देतो आणि दुसऱ्याच्या अर्थात पहिला. पण बोलताना आपण कधी चुकत नाही. “पोरीनं नशीब काढलं” म्हणतो, “नियती काढली” म्हणत नाही. ‘दुर्दैव’ आहे, ‘दुर्नियती’ नाही. ‘नशीबवान’ आहे, ‘प्रारब्धवान’ नाही. असं का? हे शब्द आले कुठून?

कथेतली माणसं सांगते, म्हणजे अंदाज येईल: एक म्हातारा नावाडी आहे, त्याचा मुलगा बुडालाय. एक जुगारी आहे. आणि मधूनमधून बोलणारा, जरा पुस्तकी थाटाचा निवेदक.

रिकामटेकडा

पहिला! रुमाल टाकून ठेवतो. धाग्याच्या नशिबात प्रतिसादांची शंभरी दिसतेय.

तिरकस

सातही ठिकाणी ‘योगायोग’ लिहा. नावाड्याचा मुलगा पाण्याचा अंदाज चुकल्यामुळे बुडाला. त्यात नियती कसली नि दैव कसलं?

अनुस्वार

@तिरकस, मुलगा गेलेल्या बापाच्या तोंडी “पाण्याचा अंदाज चुकला हो” घालू का?

तिरकस

घाला की. खरे बाप असंच बोलतात. अंदाज कसा चुकला हेच वर्षानुवर्षं घोळवत बसतात.

जुनीवही

चांगला विषय. ‘नशीब’पासून सुरुवात करतो, कारण त्यात गंमत जास्त आहे.

मूळ अरबी शब्द ‘नसीब’, अर्थ सरळ: वाटा, हिस्सा. तो फारसीमार्गे मराठीत आला. अलीकडचा ‘किस्मत’ घ्या, त्याच्या धातूचा अर्थ विभागणं. त्याच धातूचा ‘तकसीम’ आपल्या जुन्या वतनाच्या कागदांत ‘तक्षीम’ म्हणून भेटतो. तक्षीम म्हणजे वतनातला वाटा. आता संस्कृतकडे वळा. ‘भाग्य’ हा ‘भज्’ म्हणजे वाटणे या धातूचा. भाग, विभाग, विभक्त, भागीदार ही सगळी त्याचीच भावंडं. ग्रीकांच्या दैवदेवता ‘मोइरा’, त्या शब्दाचाही अर्थ वाटाच.

म्हणजे तीन वेगळ्या भाषाकुळांत... चुकलो, संस्कृत आणि ग्रीक एकाच कुळातल्या, तेव्हा दोन कुळांत. दोन्हींकडे माणसाला आपलं आयुष्य वाटणीत मिळालेल्या तुकड्यासारखं वाटलं. यात लिहिणं नाही की आज्ञा नाही. ताटात काय पडलं, एवढंच.

मधलीसुट्टी

म्हणून ‘नशीब काढलं’! वाटा काढतात ना, तसं?

जुनीवही

@मधलीसुट्टी, कल्पना छान आहे, पण त्यावर सही करणार नाही. ‘नाव काढलं’, ‘दिवस काढले’ हेही आपण म्हणतोच. मराठीत ‘काढणे’ क्रियापदाला कशाचंच वावडं नाही.

वेलांटी

‘नसीब’चा ‘नशीब’ कसा झाला? हिंदीत अजून नसीबच आहे.

जुनीवही

ही मराठी जिभेची जुनी खोड. ‘इ’ किंवा ‘ए’ शेजारी आले की ‘स’चा ‘श’ होतो. मस्जिदची मशीद, कासिदचा काशीद, हासिलचं हाशील, हिसाबचा हिशेब. हा नियम आजही आपल्या तोंडात जिवंत आहे: पैसा, पण पैशाला. मासा, पण माशाला. खिसा, पण खिशात. तिथे मधे ‘य’ लपलेला असतो, पैस्याला असा, त्याचा हा परिणाम. त्यामुळे कोणी ‘नशीब’ला परका शब्द म्हणालं तर सांगा, की आमच्या व्याकरणानं त्याचं बारसं केलंय.

आणखी एक. याच धातूचा ‘मनसब’. नेमून दिलेली जागा ती मनसब. म्हणजे मनसबदार आणि कमनशिबी एकाच घरचे.

रिकामटेकडा

आणि निसबत? तोही त्यातलाच का?

जुनीवही

नाही. तिथला ‘स’ अरबी लिपीत वेगळ्या अक्षराचा आहे. आपल्या कानाला सारखा, धातू मात्र निराळा.

पाणिनीचा_पुतण्या

जरा उशीर झाला, पण ‘नियती’बद्दल सांगायलाच हवं.

नि + यम्. यम् म्हणजे आवरणं, लगाम घालणं. नियम, नियत, संयम, नियंत्रण, सगळे याच धातूचे. म्हणजे नियती ही वाटणी नव्हे, बांधणी आहे. तुम्हाला काय मिळालं हे नशीब सांगतं, तर तुम्हाला कुठे जाता येणार नाही हे नियती सांगते.

आणि हा शब्द एकेकाळी अख्ख्या संप्रदायाचा झेंडा होता. बुद्ध आणि महावीर यांचा समकालीन मक्खली गोसाल हा आजीवकांचा आचार्य. त्याचं म्हणणं असं, की प्रयत्न, पराक्रम, पुण्य, पाप यांनी काहीही बदलत नाही, जे होतं ते नियतीने. बौद्ध ग्रंथांत त्याच्या तोंडी सुताच्या गुंड्याची उपमा आहे: गुंडा फेकला की सूत संपेपर्यंत उलगडत जातो, तसे शहाणे आणि मूर्ख दोघेही ठरलेली वाट संपवूनच थांबतात. बिहारमधल्या बराबरच्या डोंगरातली दोन लेणी अशोकाने राज्याभिषेकाच्या १२व्या वर्षी याच आजीवकांना दिली. भिंतींना आरशासारखी चकाकी आहे.

मला नेहमी नवल वाटतं ते याचं, की प्रयत्नाने काही होत नाही म्हणणारे हे लोक कडक तपश्चर्येसाठी प्रसिद्ध होते.

तिरकस

तपश्चर्याही नियतीनेच ठरवलेली असणार. अशा सिद्धान्ताला हरवणार कसं?

खडूस_गणिती

@तिरकस, तुमच्या ‘योगायोगा’लाही हरवता येत नाही. दोन्ही शब्द घटना घडून गेल्यावरच वापरतात. “उद्या माझा योगायोग आहे” असं कोणी म्हणतं का?

मधलीसुट्टी

पण “यंदा लग्नाचे योग आहेत” म्हणतात. :)

वेलांटी

नियतीवरून आठवलं. दर पंधरा दिवसांनी एक संदेश फिरत येतो: “नियत चांगली असेल तर नियती वाईट वागत नाही.” वर सूर्योदय, खाली गुलाब. हे दोन शब्द एकाच मुळाचे का?

पाणिनीचा_पुतण्या

अजिबात नाहीत. हेतू या अर्थाची ‘नियत’ अरबी. ‘ठरवून दिलेलं’ या अर्थाचं ‘नियत’ संस्कृत, जसं नियतकालिक. यमक जुळलं म्हणून सोयरीक होत नाही.

रिकामटेकडा

नियतकालिक म्हणजे ज्याचा हेतू काळा असतो ते, असं मी शाळेत लिहिलं होतं. गुण मिळाले नाहीत. हलकं घ्या.

वेलांटी

:D

मूळ प्रश्नाकडे येते. मला वाटतं, कोशापेक्षा क्रियापदांकडे बघा. कुठला शब्द काय *करतो*?

नशीब फुटतं, उघडतं, पालटतं, फळफळतं, साथ देतं. आपण ते आजमावतोसुद्धा. म्हणजे ती वस्तू आहे. फुटण्याजोगी, उघडण्याजोगी. बातम्यांत दैव ‘बलवत्तर’ असतं: दैव बलवत्तर म्हणून चालक बचावला. ते जोर असलेलं काहीतरी आहे, आपल्या वरचं. प्रारब्ध काहीच करत नाही, ते आपल्याला भोगावं लागतं. भाग्य उजळतं, आणि ते बहुतेक चांगलंच असतं, वाईट म्हणायचं तर ‘अभागी’ असं मुद्दाम मोडून सांगावं लागतं.

आणि नियतीला मन असतं! “नियतीच्या मनात काही वेगळंच होतं.” ती क्रूर असते, खेळ खेळते, सूड घेते. नशिबाला कुणी क्रूर म्हणत नाही, नशीब फार तर फुटकं. म्हणूनच ‘नियती काढली’ होत नाही. पिशवीतून वस्तू काढता येते, बाई कशी काढणार?

अनुस्वार

@वेलांटी, हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावतेय. जुगाऱ्याला नशीब दिलं, निवेदकाला नियती. चार जागा सुटल्या.

तिरकस

“नियतीच्या मनात काही वेगळंच होतं” हे वाक्य लिहिणाऱ्याला मात्र दंड हवा. प्रत्येक मृत्युलेखात असतं. नियतीच्या मनात वेगळं असतं हे आता नियतीलाही पाठ झालं असेल.

जुनीवही

नेहरूंच्या १४ ऑगस्ट १९४७च्या मध्यरात्रीच्या भाषणातली ‘ट्रिस्ट विथ डेस्टिनी’ ही प्रसिद्ध शब्दजोडी मराठीत ‘नियतीशी करार’ म्हणून रुळली. गंमत बघा, नियती संस्कृत, करार अरबी. ‘नशिबाशी करार’ म्हटलं असतं तर लॉटरीचं तिकीट वाटलं असतं.

हाडवैद्य

सगळे शब्द झाले, कपाळ राहिलं! आमच्याकडे रुग्णाचे नातेवाईक नियती वगैरे म्हणत नाहीत. कपाळावर हात मारून “आमचं कपाळ” म्हणतात.

लहानपणी ऐकलेलं, की कवटीवर ब्रह्मदेवाची अक्षरं असतात. पुढे वैद्यकीय शिक्षणात कवटी हातात आली आणि कळलं, लोक कशाला अक्षरं म्हणत असावेत. हाडांच्या सांध्यांच्या त्या नागमोडी रेषा खरंच मोडीसारख्या दिसतात. जन्मताना कवटीची हाडं सुटी असतात, म्हणून बाळाचं डोकं बाहेर पडू शकतं. आणि नेमका कपाळाच्या मधोमध जो उभा सांधा असतो, तो बहुतेकांत पहिल्या वर्षाच्या आत जुळून दिसेनासा होतो. म्हणजे कपाळावर काही लिहिलं असलंच तर ते वाढदिवसाच्या आधीच पुसलं जातं.

रिकामटेकडा

म्हणजे सटवीने पेन्सिलीने लिहिलेलं असतं!

मधलीसुट्टी

सटवी म्हणजे शिवी ना?

पाणिनीचा_पुतण्या

शिवी नंतरची. सटवी म्हणजे षष्ठी. बाळाच्या जन्मानंतर पाचव्या-सहाव्या रात्री येऊन कपाळावर भविष्य लिहून जाणारी देवता, ती सटवी किंवा सटवाई. तिने काय लिहिलं हे आवडलं नाही की लोकांनी तिच्या नावाची शिवी केली, असं आपलं माझं मत. पुरावा मागू नये.

लिहिण्याचा विषय निघालाच आहे तर ‘विधिलिखित’. वि + धा, म्हणजे व्यवस्था लावणं. विधी म्हणजे ब्रह्मदेव, आणि विधी म्हणजे कायदाही. विधान, विधेयक, विधिमंडळ, विधिज्ञ, सगळे त्याच घराण्यातले.

तिरकस

विधिमंडळात विधिलिखित तयार होतं, हे तर रोज अनुभवतोय.

जुनीवही

@हाडवैद्य, संस्कृतात ‘कपाल’चे अर्थ बघा: कवटी, भिक्षापात्र आणि खापर. मराठीत कपाळ फक्त समोरच्या भागापुरतं उरलं, पण “नशिबावर खापर फोडतो” म्हणताना आपण नकळत तिथेच परत जातो.

आणि लिहिण्याची कल्पना सगळ्यांची नाही बरं. लॅटिन ‘फाटुम’, ज्यापासून इंग्रजी ‘फेट’ आला, त्याचा अर्थ ‘बोललं गेलेलं’. त्याच क्रियापदापासून ‘इन्फन्ट’, न बोलणारं ते बाळ. म्हणजे जे बोलू शकत नाही त्याच्याबद्दल कोणीतरी आधीच बोलून ठेवलेलं असतं.

वेलांटी

अंगावर काटा आला.

इंग्रजीचा अस्सल जुना शब्द ‘वुर्ड’, आजचा ‘वीअर्ड’. तो ‘होणे’ या अर्थाच्या क्रियापदाचा, आपल्या ‘वृत्’, ‘वर्तन’चा नातेवाईक. म्हणजे आपल्या ‘भवितव्य’सारखाच, जे व्हायचं आहे ते. आपलं भवितव्य पुढे भाषणांत शिरलं, “युवकांचे उज्ज्वल भवितव्य”, आणि त्यांचं विचित्र होऊन बसलं.

खडूस_गणिती

मला एका म्हणीने लहानपणापासून छळलंय. “दैव देतं आणि कर्म नेतं.” दैव जर पूर्वकर्मातूनच बनत असेल तर कर्मच देतं आणि कर्मच नेतं. मग ही म्हण हिशेबात बसवायची कशी?

पाणिनीचा_पुतण्या

@खडूस_गणिती, दोन्ही खाती एकाच माणसाची, तारखा वेगळ्या. याज्ञवल्क्यस्मृतीत अगदी हेच आहे: दैव म्हणजे पूर्वीच्या देहातला पुरुषार्थच, आता प्रकट झालेला. आणि पुढे: एका चाकाने रथ चालत नाही, तसं पुरुषार्थाशिवाय दैव सिद्धीस जात नाही. म्हणीतलं ‘कर्म’ म्हणजे आत्ताची करणी.

इथेच संचित, प्रारब्ध, क्रियमाण येतात. भात्यातले बाण ते संचित, सुटलेला बाण ते प्रारब्ध, आणि धनुष्याला लावताय तो क्रियमाण. ‘प्रारब्ध’चा शब्दशः अर्थ ‘सुरू झालेलं’. प्रारंभ आणि प्रारब्ध सख्खे भाऊ. आपण तो शब्द सगळं संपल्यासारखा उच्चारतो, आणि त्याचा अर्थ मात्र सुरुवात!

अनुस्वार

थांबा. नावाड्याला ‘प्रारब्ध’ द्यावं का मग? “पोराचं प्रारब्ध.” सुटलेला बाण...

तिरकस

नावाडी वेदान्ती आहे का?

हाडवैद्य

@तिरकस, वेदान्त न वाचलेली माणसंच प्रारब्ध म्हणतात. रोज ऐकतो. ‘नियती’ मात्र कोणाच्या तोंडून ऐकलेली नाही, ती फक्त छापलेली बघितलीय.

वेलांटी

+१. आणि उद्गार विसरू नका! नुसतं “नशीब!” म्हटलं की सुटका असते: नशीब, किल्ली सापडली. “कर्म माझं!” म्हटलं की हमखास वैताग. “माझं कपाळ!” म्हणजे समोरच्याला काडीचं कळत नाहीये. “नशीब माझं” मात्र सुरावर आहे, दोन्हीकडे जातं. नावाड्याचं एक वाक्य नुसतं “नशीब.” ठेवलं तर वाचकाला वाटेल म्हातारा सुटला बिचारा.

अनुस्वार

बापरे. नेमकं तेच ठेवलं होतं.

खडूस_गणिती

अवांतर: साडेसाती हा माझा आवडता शब्द, कारण यात निव्वळ गणित आहे. शनीची एक फेरी सुमारे साडेएकोणतीस वर्षांची, राशी बारा, म्हणजे एका राशीत साधारण अडीच वर्षं. आपली रास, मागची आणि पुढची मिळून साडेसात. आकडाच शिवी झाल्याचं दुसरं उदाहरण सुचतंय का कोणाला?

रिकामटेकडा

चारशेवीस.

खडूस_गणिती

मान्य.

जुनीवही

‘अदृष्ट’ राहिला. न दिसलेलं. वैशेषिक या जुन्या दर्शनाच्या सूत्रांत लोहचुंबकाकडे सुई का सरकते, ज्वाळा वरच का जाते, याचं कारण ‘अदृष्ट’ दिलंय. म्हणजे हा शब्द आधी “कारण आहे, पण दिसत नाही” असं प्रामाणिकपणे सांगणारा होता. @तिरकस, हा तुम्हाला चालेल.

तिरकस

चालेल. पाण्याखालचा भोवरा हाही अदृष्टच. नावाड्याला हाच द्या.

वेलांटी

आता माझा बॉम्ब. ललाटलेख, ललाटरेषा यांतलं ‘ललाट’ म्हणजे कपाळ. प्राकृतात त्याचं ‘णिडाल’ झालं, आणि मराठीत ‘निढळ’. तेच ते, निढळाच्या घामातलं! म्हणजे ललाटावर लिहिलेलं आणि निढळावरून गळणारं, जागा एक, शब्दही मुळात एकच.

हाडवैद्य

आणि घामाने शाई पुसते. माझा सिद्धान्त पक्का झाला.

पाणिनीचा_पुतण्या

प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे.

(हेच लिहायला आलो होतो. दोन मिनिटांनी हुकलं.)

रिकामटेकडा

नशिबात नव्हतं हो काका.

अनुस्वार

सगळ्यांचे आभार! सहा जागा झाल्या. जुगारी: नशीब, दोनदा. निवेदक: नियती, दोनदा. नावाडी: एकदा ‘प्रारब्ध’, आणि एकदा @तिरकस यांचं ऐकून शब्दच काढला. तो नुसता पाण्याकडे बघतो आणि अंदाज चुकला म्हणतो. खरंच चांगलं झालंय.

सातवी जागा राहिली. शेवटी नावाडी ‘फेट’ला नाव विचारतो आणि ती उत्तर देत नाही. ‘ती’ हवीच. नियती म्हणावं तर त्याच्या तोंडी शोभत नाही, नशीब आणि दैव नपुंसकलिंगी. उरली सटवी, पण परदेशी नदीवर सटवी कशी आणू?

मधलीसुट्टी

आणा की. बाळं तिथेही जन्मतात.

जुनीवही

नको. सटवी आली की मराठी वाचकाला बारशाचं घर दिसेल, नदी नाही. ‘होणारी’ कसं वाटतं? “त्याने होणारीला नाव विचारलं.”

वेलांटी

होणारी म्हणजे होणारी बायको वाटेल!

अनुस्वार

दोन दिवसांनी लिहितेय. अंतिम प्रत आली. संपादकांनी सातवं वाक्य आख्खंच वगळलंय. शेरा: “अनावश्यक.”

पाणिनीचा_पुतण्या

संचितात जमा झालं. दुसऱ्या आवृत्तीत बघू.